अडलेलं अपडेट आणि गप्प केलेली तपासणी : खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेचं प्रकरण

मुदत ठेवीच्या एका पावतीवर दोन तारखा होत्या. मजकुरातली बरोबर होती, कारण ती मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवरून येते. पानाच्या तळाला ब्राउझर स्वतःहून जी बारीक तारीख छापतो, ती मात्र आदल्या दिवसाची. लेखापरीक्षकांनी त्यावर शेरा मारला आणि संस्थेनं मला बोलावलं ते तेवढ्यापुरतंच: शाखेच्या संगणकाची तारीख नीट करून द्या.

संस्था खानापूर तालुक्यातली, कर्नाटकाच्या १९९७ च्या सौहार्द सहकारी कायद्याखाली नोंदलेली. नाव देत नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात अशा पतसंस्था गावोगाव आहेत. मुख्य कार्यालय तालुक्याच्या गावी, शाखा आसपासच्या खेड्यांत, त्यातली एक थेट जांबोटीच्या पुढं, घाटाच्या अंगाला. सभासद बहुतेक मराठी, फॉर्म कानडी आणि मराठी दोन्ही भाषांत, आणि रोजची उलाढाल पिग्मीवर, म्हणजे एजंट दारोदार फिरून रोज गोळा करतात त्या छोट्या ठेवींवर. संध्याकाळी एजंट आपापली छोटी मशिनं घेऊन येतात, दिवसभराची वसुली संगणकात उतरवतात आणि घरी जातात. खातेवहीचं सॉफ्टवेअर मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर, शाखांत नुसता ब्राउझर.

सगळे संगणक लिनक्सवर चालतात. परवान्यांचा खर्च वाचावा म्हणून बेळगावच्या एका हुशार मुलानं सगळीकडं उबुंटू २२.०४ ही लिनक्सची फुकट आवृत्ती बसवून दिली होती. पुढं तो पुण्याला नोकरीला गेला. काही काळ लांबून बघायचा, मग तेही सुटलं. त्याचं बरंचसं काम नीटनेटकं होतं आणि संस्थेनं त्याला दिलेला मोबदला ऐकला तर त्याच्याकडं बोट दाखवायला कुणी धजणार नाही.

तारीख

घाटाकडच्या त्या शाखेत पावसाळ्यात विजांचं भय. मॉडेम जळाल्याचा अनुभव एकदा घेतल्यापासून संध्याकाळी कुलूप लावताना मेन स्विचच पाडतात. वीज पूर्ण बंद असताना संगणकाचं घड्याळ मदरबोर्डवरच्या सीआर-२०३२ या चपट्या बॅटरीवर चालतं. ती कधीचीच संपलेली. त्यामुळं मशीन रोज सकाळी कुठल्यातरी जुन्याच वर्षात सुरू व्हायचं. इंटरनेटवरून वेळ जुळवून घ्यायची सोय उबुंटूत असते, पण तिला लागणारं १२३ क्रमांकाचं यूडीपी पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचं ठरावीक दार, शाखेच्या राउटरमध्ये बंद होतं.

तारीख इतकी मागं गेली की ब्राउझर बँकेचं म्हणा, सरकारचं म्हणा, कुठलंच सुरक्षित संकेतस्थळ उघडत नाही. म्हणून शाखेतल्या ज्येष्ठ क्लार्क, ज्यांना सगळे अक्का म्हणतात, त्या रोज हातानं तारीख घालायच्या. "रोजच मागं जातीय सर. आल्या आल्या मी सारखी करून घेते." एखाद्या दिवशी गर्दीत एक आकडा चुकला, तीच पावती लेखापरीक्षकांच्या हाती लागली. तारीख बदलायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो, म्हणून तो चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला होता. तो वेगळा विषय. चिठ्ठी काढायला लावली एवढंच इथं नोंदवतो.

बॅटरी बदलली, पोर्ट उघडलं, वेळेसाठी एनआयसीचे (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे) 'समय' सर्व्हर लावले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संगणकांची घड्याळं एनआयसीच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं आहे, आणि लेखापरीक्षकांना उत्तर लिहिताना त्या निर्देशांचा दाखला कामी आला.

इथं काम संपलं असतं. पण घड्याळ मागं असलेल्या मशीनवर अपडेट अडायला हवेत. सवयीनं त्यांची नोंद उघडून बघितली तर अपडेट नियमित चाललेले, एकदाही अडलेले नाहीत. तिथून खरं प्रकरण सुरू झालं.

अडायला का हवे होते

उबुंटूमध्ये आणि ते ज्यावर बेतलंय त्या डेबियनमध्ये पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, आणण्याचं काम अ‍ॅप्ट करतं. पॅकेजं जिथं ठेवलेली असतात त्या कोठारात, म्हणजे रेपॉझिटरीत, इनरिलीज नावाची एक फाइल असते, तिच्यावर वितरकाची डिजिटल सही. त्या फाइलमध्ये पॅकेजांच्या यादीचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला, मजकूर जरा बदलला तरी बदलणारा आकडा), आणि यादीमध्ये एकेका पॅकेजचा हॅश. म्हणजे एक सही जुळली की तिच्या आधारानं खालचं प्रत्येक पॅकेज तपासता येतं. उबुंटूच्या रेपॉझिटरी अजूनही साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपीवरून चालतात याचं पुष्कळांना नवल वाटतं. ते चालतं ते या साखळीमुळं. वाटेत कुणी पॅकेज बदललं तर हॅश जुळत नाही आणि अ‍ॅप्ट ते बसवत नाही. डेबियनमध्ये ही तपासणी २००७ च्या एप्रिलमधल्या एच आवृत्तीपासून रुळली, त्याआधी हे सगळं भरवशावरच चालायचं.

सहीबरोबर तारीखही बघितली जाते. इनरिलीजवरची तारीख मशीनच्या घड्याळाच्या पुढची असेल तर अ‍ॅप्ट म्हणतं, ही फाइल अजून वैध झालेली नाही, या रेपॉझिटरीचे अपडेट लागू होणार नाहीत. उलट बाजूचीही तपासणी आहे: डेबियनच्या सुरक्षा रेपॉझिटरीत फाइलला शेवटची मुदत असते. जुनी, पण खरी सही असलेली यादी कुणी पुन्हा पुन्हा पुढं करून मशीनला नव्या दुरुस्त्यांपासून दूर ठेवू नये, यासाठी ती.

शाखेचं मशीन सकाळी सुरू व्हायचं जुन्या तारखेत. अपडेटची स्क्रिप्ट मशीन सुरू झाल्यावर थोड्या वेळात आपोआप चालायची, अक्का तारीख घालायच्या आधीच. अ‍ॅप्टनं दररोज नकार द्यायला हवा होता. तो देत नव्हतं, कारण त्याला नकार देता येऊ नये अशी व्यवस्था केलेली होती.

स्क्रिप्ट कशी वाढत गेली

स्क्रिप्टच्या जुन्या प्रती त्या मुलानं जपून ठेवल्या होत्या, म्हणून क्रम कळला. हा क्रमच या प्रकरणात सगळ्यात शिकण्याजोगा आहे, कारण यातली कुठलीही पायरी एकटी बघितली तर वेडेपणाची वाटत नाही.

उबुंटूबरोबर येणारं अनअटेंडेड-अपग्रेड्स आधी चालूच होतं. पण तो मुलगा काही बसवायला गेला की 'लॉक दुसऱ्या प्रक्रियेकडे आहे' असा संदेश यायचा, कारण मागं तेच चाललेलं असायचं. वैतागून त्यानं ते बंद केलं आणि स्वतःची दोन ओळींची स्क्रिप्ट लिहिली: यादी ताजी कर, अपग्रेड कर. दुसऱ्या ओळीत मायनस-वाय, म्हणजे 'पुढं जायचं का' या प्रश्नाला होकार धरून चाल.

इथपर्यंत धोका नाही. मायनस-वायबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो की तो दिला म्हणजे सगळ्यालाच परवानगी. अ‍ॅप्टच्या मॅन्युअलमध्ये उलटं लिहिलं आहे: राखून ठेवलेलं पॅकेज बदलावं लागणार असेल, सही न जुळणारं पॅकेज बसवायचं असेल किंवा अत्यावश्यक पॅकेज काढावं लागणार असेल, तर मायनस-वाय असूनही काम मध्येच सोडून दिलं जाईल. होकार आधी दिलेला असला तरी या तीन ठिकाणी तो चालत नाही. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी नेहमीचा प्रश्न आणि नकार यांत फरक केला होता.

मग सर्व्हरवर स्क्रिप्ट मध्येच लटकायला लागली. उबुंटू २२.०४ च्या सर्व्हरमध्ये नीडरीस्टार्ट असतं. अपडेटनंतर कोणत्या सेवा पुन्हा सुरू करायच्या ते विचारत ते जांभळी खिडकी उघडून बसतं. त्याशिवाय अ‍ॅप्टनं आणलेलं पॅकेज प्रत्यक्ष बसवणाऱ्या डीपीकेजीचा स्वतःचा प्रश्न: सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली आहे, पॅकेजबरोबर नवी आली आहे, कुठली ठेवू? मायनस-वाय यांतल्या कशालाच लागू होत नाही, कारण हे प्रश्न अ‍ॅप्टचे नव्हेतच. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालवलं की उत्तर द्यायला समोर कुणी नसतं, डीपीकेजी 'इनपुट संपलं' अशी तक्रार करून थांबतं आणि पॅकेज अर्धवट बसलेलं राहतं.

यावर त्यानं येस नावाची आज्ञा स्क्रिप्टच्या तोंडाला जोडली. ती अखंड वाय वाय वाय ओतत राहते. प्रश्न कुणाचाही असो, उत्तर वाय. डीपीकेजीच्या प्रश्नात मात्र वाय म्हणजे 'पॅकेजबरोबर आलेली फाइल घे, माझी बाजूला काढ'. नुसतं एंटर दाबलं असतं तर स्वतःची फाइल राहिली असती. मूळ उत्तर तेच ठरवलेलं आहे. सर्व्हरवरचा वेबसर्व्हर एका वेगळ्या रेपॉझिटरीतून बसवलेला होता, आणि तिथं नवी आवृत्ती वरचेवर येते. व्हायचं ते झालं. एका सकाळी सगळ्या शाखांत खातेवहीच्या जागी वेबसर्व्हरचं कोरं स्वागताचं पान. पिग्मीची वसुली त्या दिवशी वहीत लिहून घेतली, हे मॅनेजरना अजून आठवतं. जुनी फाइल 'डीपीकेजी-ओल्ड' या शेपटीसह जागेवरच पडलेली होती, त्यामुळं ती शोधून परत लावली आणि काम सुरू झालं. येस मात्र स्क्रिप्टमध्ये तसंच राहिलं.

शेवटी घाटाकडच्या शाखेची बॅटरी संपली. पुण्यात बसून त्याला नोंदीत फक्त त्रुटीची ओळ दिसत होती, संगणकाची तारीख नाही. ती ओळ इंटरनेटवर शोधली की जे उपाय सापडतात ते त्यानं एकापाठोपाठ एक घातले: तारखेची तपासणी बंद, रेपॉझिटरीच्या ओळीत 'ट्रस्टेड इज इक्वल टू येस', आणि वर अलाउ-अनऑथेंटिकेटेड. यातलं पहिलं एकटं पुरलं असतं. बाकीच्या दोहोंनी सहीची तपासणीच निकालात काढली. त्रुटी गेली. मग तीच फाइल, सगळीकडं सारखं असावं म्हणून, इतर शाखांत आणि सर्व्हरवरही पोचली. घड्याळ एका मशीनचं बिघडलं होतं. तपासणी सगळ्यांची गेली.

जुन्या स्क्रिप्टांमध्ये याच कामासाठी फोर्स-येस दिसतो. तो पर्याय अ‍ॅप्टच्या लोकांनी २०१५ च्या १.१ आवृत्तीपासून मोडीत काढला आणि त्याच्या जागी चार वेगळे पर्याय दिले: सही नसलेलं चालेल, जुन्या आवृत्तीकडं गेलेलं चालेल, अत्यावश्यक पॅकेज काढलेलं चालेल, राखून ठेवलेलं बदललेलं चालेल. कशावर पाणी सोडतोय हे निदान नावानिशी लिहावं लागावं, असा त्यामागचा विचार दिसतो आणि मला तो पटतो. पण इथं दिसलं तसं, नाव लिहून घेतल्यानं घाईत असलेला माणूस थांबतोच असं नाही.

धोका किती खरा

शाखांचं इंटरनेट स्थानिक केबलवाल्याकडून. राउटर स्वस्तातले, त्यांतल्या दोघांचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच. अशा राउटरमधली डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेची, नोंद बदलून पत्ते दुसरीकडं वळवणं ही जुनी, सर्वपरिचित चोरी आहे. एरवी ती अपडेटपुरती निष्फळ ठरते: खोट्या सर्व्हरकडं पोचलात तरी खरी सही तो कुठून आणणार? इथं सही कुणी बघतच नव्हतं. आणि पॅकेजमधल्या स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकारानं चालतात. खातेवहीचा पासवर्ड फोडायची गरजच नाही. मशीन आपण होऊन, ठरल्या वेळी, पाहुण्याला आत घेणार.

तपासणी चालू असतानाही वाट पूर्ण सुरक्षित असते असं नाही. २०१९ च्या जानेवारीत मॅक्स जस्टिझ या संशोधकानं अ‍ॅप्टमधलीच एक खोट उघड केली; अशा खोटींच्या जागतिक यादीत ती सीव्हीई-२०१९-३४६२. एचटीटीपीचं पुनर्निर्देशन ('ही फाइल दुसरीकडून घ्या' असं सर्व्हरनं सांगणं) हाताळताना अ‍ॅप्टला फसवून खोट्या पॅकेजचा हॅश खरा म्हणून गळी उतरवता येत होता. दुरुस्ती आणायची तीही त्याच अ‍ॅप्टमधून, म्हणून त्या एका अपडेटपुरतं पुनर्निर्देशन बंद ठेवून चालवा असं डेबियननं सांगितलं होतं. ती खोट काही दिवसांत बुजली. आमच्या संस्थेत मात्र दार हातानंच उघडं ठेवलेलं, आणि ते कुणाच्या यादीत येणार नव्हतं.

संचालकांपुढं

संचालक मंडळापुढं हे सांगायचं म्हणजे अ‍ॅप्ट आणि इनरिलीज बोलून उपयोग नाही. मी पैसे काढायची स्लिप घेतली. खातेदार स्लिप देतो तेव्हा कॅशियर विचारतो, शंभरच्या देऊ की पाचशेच्या? एखादा खातेदार म्हणाला, दरवेळी विचारू नका, पाचशेच्याच देत चला, तर हरकत नाही. पण सही जुळत नाही म्हणून कॅशियर अडतो तेव्हा तो काही विचारत नसतो. त्याला 'दरवेळी अडू नका' अशी सूचना देऊन ठेवली, तर खातं कुणाचं हा मुद्दाच उरत नाही. तुमच्या सगळ्या मशिनांना ती सूचना दिलेली आहे.

हे लगेच उमजलं. पण चेअरमन व्यवहारी माणूस. "आजवर काय झालंय का? नाही ना? मग अपडेटच बंद करून टाकूया की. नको ती झंझट."

हा विचार पुष्कळ ठिकाणी पुष्कळ जण करतात, म्हणून त्याला दिलेलं उत्तर सविस्तर लिहितो. २०१७ साली दीड महिन्याच्या अंतरानं दोन घटना घडल्या. १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला. तो ज्या खोटीतून शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलेली होती; ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांचे संगणक कुलूपबंद झाले, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांसकट. २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला, आणि तो युक्रेनमधल्या एमईडॉक नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरला. तिथं पहिले बळी पडले ते वेळेवर अपडेट घेणारे. पहिल्यावरून अपडेट घ्या म्हणावं आणि दुसऱ्यावरून घेऊ नका, असं करता येत नाही. अपडेट आपोआप घ्यायचे, आणि कुणाकडून आले हे मशीननं प्रत्येक वेळी बघायचं. पटलं नाही तर थांबायचं आणि माणसाला कळवायचं. एमईडॉकसारखं मूळ घरच फुटलं तर सहीची तपासणीही पुरत नाही, हे मी बैठकीत लपवलं नाही. खातेवहीचं सॉफ्टवेअर ज्यांच्याकडून घेतलंय त्यांचे अपडेट कसे येतात, हा प्रश्न त्यामुळंच निघाला. ते येतात पेन ड्राइव्हवर, आणि त्यावर सही कसलीच नसते. त्याचं प्रकरण वेगळं लिहावं लागेल.

मागं बसलेल्या पॅकेजांचं काय

सगळ्यात जास्त वेळ इथं गेला. तपासणी पुन्हा चालू करणं हे काही मिनिटांचं काम. पण ती बंद असताना जे बसलं ते खरंच होतं का?

डीपीकेजीत बसलेल्या फाइली पडताळायची सोय आहे, आणि पहिला हात तिकडंच जातो. पण ती पडताळणी पॅकेजबरोबरच आलेल्या हॅशशी होते. पॅकेज खोटं असेल तर त्याचे हॅशही त्याच्याशी जुळणारच. शिवाय ज्या मशीनवर संशय, त्याच मशीनला स्वतःबद्दल विचारण्यात काय हशील?

म्हणून उलटीकडून गेलो. अ‍ॅप्टच्या इतिहासाच्या नोंदीतून बसलेल्या आवृत्त्या काढल्या. माझ्या स्वच्छ लॅपटॉपवर, दुसऱ्या इंटरनेटवरून, सही तपासून त्याच आवृत्त्या उतरवल्या; मिररवरून (रेपॉझिटरीच्या नकलांवरून) निघून गेलेल्या जुन्या आवृत्त्या उबुंटूच्या लाँचपॅड या संकेतस्थळावर मिळतात. मग संशयित मशीन पेन ड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लाइव्ह उबुंटूनं सुरू करून त्याच्या डिस्कवरच्या फाइली यांच्याशी ताडल्या. जिथं फरक आला तिथं कारणही सापडलं, हातानं बदललेल्या सेटिंग. खोटं पॅकेज एकही मिळालं नाही.

संचालकांना 'सगळं ठीक आहे' असं लिहून हवं होतं. मी 'ताडलेल्या फाइलींत फरक आढळला नाही' एवढंच लिहिलं. मधल्या काळात एखादं खोटं पॅकेज येऊन, आपली स्क्रिप्ट रूटच्या अधिकारानं चालवून, पुढच्या खऱ्या अपडेटनं झाकलं गेलं असेल तर ते या पद्धतीत दिसणार नाही. पॅकेजच्या बाहेर ठेवलेली फाइल पॅकेजांच्या यादीत कशी सापडेल? शाखांच्या मशिनांवर माहिती काही नसते, त्यामुळं ती सरळ पुसून नव्यानं बसवली. सर्व्हरही तसाच करावा, नव्या डिस्कवर, असं माझं मत दिलं. मार्च जवळ आला होता. वर्षअखेरीच्या तोंडावर सर्व्हरला हात लावायला कुणी तयार होईना, आणि त्यांचंही चूक म्हणता येणार नाही. ३१ मार्चनंतर बघू असं ठरलं.

आता काय चालतं

जुनी स्क्रिप्ट काढून अनअटेंडेड-अपग्रेड्स परत चालू केलं. लॉकचा जो त्रास त्या मुलाला झाला होता त्यावर साधा इलाज थोडं थांबण्याचा आहे. हे साधन मूळ रचनेत विश्वासातल्या ठिकाणांवरूनच अपग्रेड घेतं, आणि सेटिंगच्या फाइलचा प्रश्न येणार असेल तर ते पॅकेज बाजूला ठेवून 'हे हातानं करा' असं नोंदवतं. सर्व्हरवर ते तसंच राहू दिलं. शाखांत मात्र 'जुनी सेटिंग ठेव' असं डीपीकेजीला आधीच सांगून ठेवलं, कारण तिथं जपण्यासारखं काही नसतं आणि विचारायला कुणी नसतं. अपग्रेड लहान लहान टप्प्यांत करण्याची त्याची मूळ सेटिंग आहे, ती वीज कधीही जाणाऱ्या शाखेत उपयोगी पडते. मध्येच दिवे गेले तरी अर्धवट राहतं ते थोडं.

'ट्रस्टेड'ची ओळ सगळीकडून गेली. वेबसर्व्हरच्या रेपॉझिटरीची सही तपासायची किल्ली आधी सगळ्यांच्या सामायिक जुडग्यात होती, म्हणजे त्या किल्लीची सही उबुंटूच्या मूळ पॅकेजांवरही चालली असती. आता ती वेगळ्या फाइलमध्ये, आणि 'साइन्ड-बाय'नं तिला तिच्या एकाच रेपॉझिटरीपुरतं बांधलेलं. वेळ जुळल्याची खूण मिळाल्याशिवाय अपडेट सुरूच होऊ नये अशी अटही सिस्टमडीत, म्हणजे मशीनवरच्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेत, घातली.

एक बारीक गोष्ट मात्र मुद्दाम सांगायला हवी. एखाद्या रेपॉझिटरीची सही जुळली नाही आणि जुनी यादी हाताशी असली, तर अ‍ॅप्टची यादी ताजी करणारी आज्ञा फक्त इशारा देते, जुनी यादी वापरते आणि यशस्वी झाल्याचाच संकेत देऊन संपते. नुसता तो संकेत बघणाऱ्याला सगळं आलबेल दिसतं. यासाठी 'एरर-ऑन-एनी' हा पर्याय आहे. तो लावून रोज एकदा यादी ताजी करून बघणारी छोटी तपासणी सर्व्हरवर ठेवली आणि ती फसली की मॅनेजरना ईमेल जाईल असं केलं. ईमेलमध्ये मराठीत दोनच वाक्यं: अपडेट थांबलेत, काही करू नका, फोन करा.

पावसाळ्यानंतर तो ईमेल आला. वेबसर्व्हरच्या रेपॉझिटरीच्या किल्लीची मुदत संपली होती. मॅनेजरांचा फोन: "सर, मशीन नको म्हणतंय. काम मात्र चाललंय सगळं." बरोबरच होतं, उबुंटूची स्वतःची पॅकेजं येत होती, अडली होती ती एकच रेपॉझिटरी. नवी किल्ली उतरवली, तिचा फिंगरप्रिंट (किल्लीची ओळख पटवणारा आकडा) कार्यालयाच्या लाइनवरून न बघता मोबाइलच्या इंटरनेटवरून त्यांच्या संकेतस्थळावर बघून ताडला आणि मगच बसवली. दुपारच्या चहाआधी विषय मिटला. जुन्या स्क्रिप्टच्या काळात हीच किल्ली संपली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

सर्व्हर अजून तोच आहे. ३१ मार्च गेला, मग वार्षिक सभा आली, मग सण. नवी डिस्क घेऊन ठेवली आहे आणि बॅकअपवरून खातेवही दुसऱ्या मशीनवर उभी करून बघण्याची चाचणीही झाली आहे. तोवर सर्व्हरमधून बाहेर जाणारी वाट रेपॉझिटरी, वेळेचे सर्व्हर, ईमेल आणि एसएमएसचं गेटवे एवढ्यांपुरतीच उघडी ठेवली आहे. इतर कुठं जोडणीचा प्रयत्न झाला तर राउटरमध्ये नोंद होते, आणि ती नोंद दर शनिवारी मॅनेजर मला पाठवतात.